खिडकीबाहेर बसलेला विद्यार्थी

मोठं होण्याच्या गोष्टी लिहायला सगळ्यांत सोप्या वाटतात. बालपण प्रत्येकाच्या गाठीला असतंच, त्यासाठी वेगळा अभ्यास करावा लागत नाही. त्यामुळे दरवर्षी दिवाळी अंकांत त्यांचा रतीब चालू असतो: आजोळ, कैऱ्या, मारकुटे मास्तर, नववीतलं पहिलं प्रेम. अंक मिटला की यातलं बहुतेक विसरून जातं. 'श्यामची आई', 'शाळा', 'फँड्री' आणि 'किल्ला' मात्र विसरता येत नाहीत, आणि त्यांतही आई आहे, मास्तर आहेत, पहिलं प्रेम आहे. सामान तेच असताना फरक कुठे पडतो, हे पाहायचं तर या गोष्टींची बांधणी सावकाश उकलून बघावी लागते.

युरोपात या प्रकाराचा साचा गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'पासून, म्हणजे १७९५-९६ पासून, मोजतात. व्यापाऱ्याचा मुलगा धंदा सोडून नाटक मंडळीच्या नादी लागतो, भटकतो, ठेचा खातो आणि शेवटी समाजात आपली जागा शोधतो. घर सोडणं, भटकणं, स्थिरावणं असा हा क्रम. तो कोकणातल्या महाड-पोलादपूरला लावून बघितला तर पहिल्याच पायरीवर अडतो. इथल्या डोंगरातल्या वाड्यांतून मुलगा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जातच आला आहे. गावकीच्या खोलीवर वळकटी टाकायची आणि कामाला लागायचं. त्यात बंड नाही की शोध नाही, ती रीतच आहे. मग इथला मुलगा मोठा होतो कधी? माझं उत्तर असं: मोठ्या माणसांनी जग कसं मांडून ठेवलंय हे त्याला पहिल्यांदा दिसतं, आसपासचे मोठे गप्प असतात आणि काही करायची पाळी त्याच्या एकट्यावर येते, त्या दिवशी. मुंबईची गाडी त्यानंतर कधीतरी येते.

याचा अस्सल नमुना महाडातच आहे आणि तो कल्पित नाही. रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे, यांचा जन्म १९०३ सालचा, महाडजवळच्या लाडवलीचा. वाढले ते दासगावात. दासगाव सावित्रीच्या खाडीवरचं जुनं बंदर. पलटणीतून निवृत्त झालेल्या महार सैनिकांची तिथे वस्ती होती, लिहिण्यावाचण्याचं महत्त्व ठाऊक असलेली. शेजारच्या रावढळचे गोपाळबुवा वलंगकर हेही पलटणीतलेच. त्यांची 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका १८८८ची. अशा परिसरातला हा हुशार पोरगा शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाला आणि महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला गेला. अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला गेला. तेव्हा त्या अकराबारा वर्षांच्या मुलाने या अन्यायाबद्दल वर्तमानपत्राला पत्र पाठवलं आणि ते छापून आलं. शाळेला त्याला घ्यावं लागलं. बसायची जागा मात्र वर्गाबाहेर, खिडकीशी.

या प्रसंगाकडे गोष्ट रचणाऱ्याच्या नजरेने पाहा. अडचण अगदी ठोस आहे: शाळेचं दार. मुलाची कृती त्याच्या वयाला शोभणारी आहे. जे येतं तेच तो करतो, म्हणजे पत्र लिहितो. फळ मिळतं ते अर्धंच. आत घेतलं पण आत बसवलं नाही. सामान्य लेखक इथे एकतर विजय दाखवतो किंवा पराभव. दोन्हींत गोष्ट बंद होते. खिडकीने ती उघडी ठेवली. शिकवलेलं कानावर पडतं, फळा दिसतो, आणि आपण कुठे बसलोय हेही रोज दिसतं. पुढे याच मोऱ्यांनी महाडात चहाचं हॉटेल काढलं, कारण बाजाराला आलेल्या आपल्या माणसांना पाणीसुद्धा मिळत नव्हतं. ते हॉटेल उठण्याबसण्याची, खलबतांची जागा झालं. १९ आणि २० मार्च १९२७च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेची जी खटपट झाली, तिच्यात मोरे पुढे होते. २० मार्चला चवदार तळ्यावर जे घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी खिडकीशी बसलेलं हे पोर फार थोड्यांना ठाऊक आहे.

बांधणीतला पहिला सांधा म्हणजे गोष्ट सांगतो कोण. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आश्रमातल्या सोबत्यांना मोठा झालेला श्याम रात्रीमागून रात्री आपलं लहानपण सांगतो. म्हणजे एका माणसात दोघे बसलेत: एक पाहणारा पोरगा, दुसरा जाणता निवेदक. दोघांमधलं अंतर हेच या प्रकाराचं इंजिन. त्यातला मोळीचा प्रसंग आठवा. म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी पडलेली, कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, उचलून दे. आणि घरी आल्यावर आंघोळ कर. लहान श्यामला त्यात आईची माया दिसते. आजच्या वाचकाला ती आंघोळही दिसते. पुस्तकाने ती लपवलेली नाही, म्हणून हा प्रसंग अजून जिवंत आहे. गुरुजींचा जन्म १८९९चा, पालगडचा. मोऱ्यांच्या आणि त्यांच्या वयात तीन-चार वर्षांचं अंतर, प्रांत एकच. एक मुलगा मोळी उचलून देणारा, दुसरा त्या मोळीवालीच्या घरातला म्हणावा असा. ही दोन बालपणं मराठी शाळांनी शेजारी ठेवून शिकवायला हवी होती.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त (२००४) युक्ती उलटी आहे. नववीतला मुकुंद जोशी स्वतःच, त्या वयाच्या भाषेत बोलतो. जाणता निवेदक काढूनच टाकला आहे, आणि त्याची जागा वाचकाला दिली आहे. आजूबाजूला आणीबाणी चालू आहे, पोरांना ती धड कळत नाही, आपल्याला कळते. त्यामुळे जोशी शिरोडकर या मुलीच्या मागे घुटमळत असताना आपल्याला उगाच काळजी वाटत राहते. लिहिणाऱ्याने सुरुवातीलाच हे ठरवावं लागतं: जाणता माणूस पानावर ठेवायचा की वाचकात. अर्धवट ठेवला की दहा वर्षांचं मूल चाळिशीतल्या प्राध्यापकासारखं बोलू लागतं. बहुतेक कथा इथेच घसरतात.

सिनेमात ही सोय नाही. कॅमेऱ्याला 'तेव्हा मला कळलं नाही' असं म्हणता येत नाही, त्यामुळे मुलाला कळणं हे एखाद्या कृतीतून दिसावं लागतं. अविनाश अरुणच्या 'किल्ला'त वडील गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. सायकलींची शर्यत लागते, पोरं किल्ल्यावर पोचतात आणि पावसात तो एकटा मागे राहतो. मित्र आपल्याला टाकून गेले हे त्याला कळतं, आपण ते त्याच्या चेहऱ्यावर वाचतो. वडिलांच्या मरणाबद्दल त्याने जे बोललेलं नाही ते सगळं त्या रागात उतरलंय, हे सांगायला संवाद लागत नाही. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने या चित्रपटाला क्रिस्टल बेअर दिलं, तेही मराठीचा गंध नसलेल्या मुलांनी.

नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (२०१३) हीच रीत टोकाला जाते. जब्या काळ्या चिमणीच्या मागे असतो, डुक्कर धरताना आवडत्या शालूला दिसू नये म्हणून धडपडतो. शेवटी ऐन शाळेसमोर, सगळ्या गावादेखत त्याला बापासोबत डुक्कर धरावं लागतं. दगड तो मारतो कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे आपल्यावर. मघाशी म्हटलं तसंच आहे हे: मोठ्यांनी मांडलेलं जग दिसलं, मोठे गप्प होते, कृती त्याची एकट्याची. फक्त जब्याच्या हातात पत्र नाही, दगड आहे. शंभर वर्षांनंतरच्या मुलाकडे मोऱ्यांपेक्षा कमी साधनं असावीत, हा या चित्रपटाचा खरा टोला आहे असं मला वाटतं.

जागा बंदिस्त असावी लागते, हा दुसरा सांधा. तो लवकर सांगून होण्यासारखा आहे. शाळा, वाडी, बदलीचं गाव: जिथून मूल स्वतःच्या मर्जीने उठून जाऊ शकत नाही अशी जागा. मुंबईत पळून जाता आलं की गोष्ट साहसाची होते.

मुलींची गोष्ट मात्र या मापात पूर्ण बसत नाही. मुलगी मोठी झाली हे ती स्वतः ठरवत नाही, घर ठरवतं, आणि एका दिवसात ठरवतं. त्यानंतर खेळ बंद, बाहेर जाणं बंद. म्हणून तिच्या गोष्टीतली कृती बहुधा फार उशिरा येते. रत्नागिरीकडच्या उर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३) वाचताना हे लख्ख दिसतं. बांबूची आयदानं विणणारी आई, तिच्याकडे बघत वाढणारी मुलगी. आणि घराबाहेरचं आपलं पाऊल तिला लग्नानंतर, नोकरीनंतर, चळवळीत गेल्यावर सापडतं. बायकांची आत्मकथनं म्हणूनच लांब असतात. त्यांचं मोठं होणं पस्तिशीपर्यंत चालतं.

राहिला शेवट. त्रुफोच्या 'फोर हंड्रेड ब्लोज'मध्ये (१९५९) पळालेला मुलगा समुद्राशी पोचतो, वळतो आणि चित्र तिथेच थिजतं. पुढे काय, हे दिग्दर्शकाने सांगितलेलं नाही. 'शाळा'त शिरोडकर गाव सोडून गेलेली असते, जोशी दहावीत जातो. 'किल्ला'त पुन्हा बदली. मुलगा जिंकला की हरला हे सांगण्याचा मोह या सगळ्यांनी आवरला आहे. मोऱ्यांच्या बाबतीत तर आयुष्यानेच ही रचना केली. त्यांच्या आत्मकथनाचा भर बालपणावर आणि तरुणपणावर आहे. पुढची कम्युनिस्ट चळवळीतली वर्षं, 'जीवनमार्ग' साप्ताहिक, १९७२ सालचं निधन, हा भाग मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी, चरित्र म्हणून लिहिला. त्यामुळे मोऱ्यांच्या स्वतःच्या लेखणीतून आपल्या हाती आली आहे ती मुख्यतः एका मुलाची मोठं होण्याची गोष्ट.

२२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि सुतारवाडीवरही तीच वेळ आली. त्या वर्षी आठ-दहा वर्षांची असलेली मुलं आता मोठी होताहेत आणि मोठ्या माणसांचं जग त्यांनी आपल्यापेक्षा लवकर पाहिलंय. त्यांच्याकडून आत्ताच कविता-निबंध लिहून घेऊन बक्षिसं वाटू नयेत. निवेदक आणि पोरगा यांच्यात अंतर पडायला वर्षं लागतात. या दोन तालुक्यांतल्या शिक्षकांना एवढीच विनंती: मुलांना रोजनिशी ठेवायला लावा, आणि ती तपासायला मागू नका.