पाकिटाचा जोड पक्का हवा

भडगाव-पाचोरा भागात शेवया, पापड, तिखट-मसाला घरी करून विकणाऱ्या भगिनी आहेत. रमजान जवळ आला की शेवयांची मागणी वाढते. माल उत्तम असतो; परंतु दुकानात पोहोचेपर्यंत पाकीट उसवते, मसाल्याचा वास उडतो, पावसाळ्यात पापड सादळतात आणि दुकानदार माल परत करतो. अशा वेळी मालाला नावे ठेवण्याआधी पाकिटाचा जोड तपासावा.

प्लॅस्टिक तापून मऊ झाले की दाबाने त्याचे दोन थर एकजीव होतात. उष्णता, दाब आणि वेळ या तिन्हींचा मेळ बसला तरच जोड टिकतो. साधे पॉलिथिन सुमारे ११० अंश सेल्सिअसला वितळते; कडक, चकचकीत पॉलिप्रॉपिलीनला १६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणून पिशवी बदलली की यंत्राचा काटाही बदलावा लागतो. वेफरच्या पाकिटासारख्या थरांच्या कागदात आतला थर आधी वितळतो आणि बाहेरचा तसाच राहतो, म्हणून छपाई खराब होत नाही.

पिशवीची कडा दोन हॅक्सॉ ब्लेडमध्ये धरून मेणबत्तीवरून फिरविण्याची जुनी युक्ती पातळ पॉलिथिनला चालते, मात्र काजळी धरते व जोड कुठे जळका, कुठे कच्चा राहतो. त्यापेक्षा हाताने दाबायचे छोटे यंत्र बरे. त्यात नायक्रोमची पट्टी आणि तिच्यावर टेफ्लॉनचे कापड असते. दांडा दाबला की क्षणभरच वीज खर्च होते. दिवा विझताच दांडा उचलण्याची घाई मात्र नडते. गरम जोडात ताकद नसते. दोन-तीन सेकंद तसाच दाबून धरावा.

आपल्याकडे विजेचा दाब कमी-जास्त होतो, ही मोठी अडचण आहे. २३० व्होल्टऐवजी १८० मिळाले तर पट्टीची उष्णता सुमारे ६० टक्क्यांवर येते. सकाळी पक्का बसणारा जोड संध्याकाळी त्याच काट्यावर कच्चा राहतो, तो यामुळेच. शिवाय तिखट-मसाल्याची पूड कडेला चिकटली तर कितीही तापवा, तिथे फट राहणारच. नरसाळ्याने भरावे व कडा कोरड्या फडक्याने पुसावी. परीक्षा सोपी आहे: रिकामी पिशवी हवा भरून बंद करावी आणि पाण्यात दाबावी. बुडबुडे आले तर जोड कच्चा.

हेच तंत्र मोठ्या उद्योगांतही आहे. दुधाच्या पिशव्या यंत्रावर भरतानाच बंद होतात. जळगाव तर पाइपांसाठी देशभर ओळखले जाते. शेतातले काळे एच.डी.पी.ई. पाइप जोडताना दोन्ही तोंडे तव्यासारख्या तापल्या पाट्यावर धरतात, पाटा काढून एकमेकांवर दाबतात आणि थंड होईपर्यंत हलवीत नाहीत. पी.व्ही.सी.च्या रक्तपिशव्यांना मात्र उच्च वारंवारतेची वीज वापरतात.

बंद पाकीट गिऱ्हाईक उघडून मोजत नाही. सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप-वजनात कमी देणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. २०११ च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांनुसारही पाकिटावर निव्वळ वजन छापावे लागते. म्हणून पिशवीचे वजन वगळूनच माल भरावा.

यंत्र घेताना पिशवीच्या रुंदीपेक्षा थोडी लांब पट्टी असलेले घ्यावे. जादा नायक्रोम पट्टी व टेफ्लॉनचे कापड तेव्हाच मागून घ्यावे. ईदच्या गर्दीत ते जळाले तर जळगावची फेरी पडते.