डांगराचा पाव : घारग्यांची युक्ती, बेकरीचे गणित

शनिशिंगणापूर : नेवासे तालुक्याचा हा परिसर म्हणजे भाकरीचा मुलूख. ज्वारी-बाजरीवर पोसलेल्या या भागात पाव तसा पाहुणाच; मात्र शनिवारी दर्शनाला निघालेल्या भाविकांच्या न्याहारीत आणि मिसळीच्या ताटलीशेजारी त्याने आपली जागा कधीच पक्की केली आहे. असे असले तरी पाव घरी करण्याचे धाडस थोडेच जण करतात. जे करतात, त्यांची तक्रार बहुधा एकच असते : ओव्हनमधून काढला तेव्हा मऊ होता, दुसऱ्या दिवशी दगड झाला. या तक्रारीवरचा उपाय बेकरीच्या दुकानात नसून परसातल्या वेलावर आहे. तांबडा भोपळा, अर्थात डांगर, शिजवून कणकेत मळला की पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो.

पाव कडक का होतो?

पाव वाळल्यामुळेच कडक होतो, हा समज अर्धाच खरा आहे. भाजताना मैद्यातील पिष्टमय कण पाणी शोषून फुगतात. पाव थंड झाला की हेच कण पुन्हा एकमेकांना घट्ट बिलगू लागतात आणि धरलेले पाणी सोडतात. त्यामुळे हवाबंद डब्यातील पावही शिळा होतो. फ्रिजमधील थंडीत ही क्रिया उलट अधिक वेगाने होते. म्हणूनच पाव फ्रिजमध्ये ठेवू नये.

शिजलेल्या डांगरातील तंतू व पेक्टिन पाणी धरून ठेवतात आणि ते सावकाश सोडतात. बटाट्यातील शिजलेले पिष्टही हेच काम करते. युरोपात बटाट्याचे पाव फार जुने आहेत. गंमत अशी, की आपल्याकडील ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडूनच आले.

घारग्यांचे शहाणपण

ही युक्ती मराठी स्वयंपाकघराला नवी नाही. घारगे करताना डांगराचा कीस गुळात शिजवतात आणि त्यात मावेल तेवढीच कणीक घालतात. वरून पाणी घालत नाहीत. पाणी भाजीतूनच येते. डांगरात सुमारे नव्वद टक्के पाणी असते. पाव करतानाही हाच नियम पाळावा लागतो. पाककृतीत लिहिलेले पाणी अगोदरच ओतले, तर पीठ चिकट होते. मग घाबरून वरून मैदा घातला जातो आणि तिथेच पाव बिघडतो.

मात्र घारगे आणि पाव यांत एक फरक आहे. पाव फुगतो तो गव्हातील ग्लुटेनमुळे. ज्वारी-बाजरीत ते नसते, म्हणून भाकरीचे पीठ पावासारखे फुगत नाही. डांगरातही ते नसते. शिवाय त्याचे तंतू ग्लुटेनच्या जाळ्यात अडथळा आणतात. त्यामुळे डांगराचा गर मैद्याच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक असू नये.

यीस्टचे उसाशी नाते

पाव फुगवणारे यीस्ट कारखान्यात वाढवले जाते, ते प्रामुख्याने उसाच्या किंवा बीटच्या मळीवर. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ प्रवरानगर येथे याच जिल्ह्यात रोवली गेली आणि शिंगणापूरलगतच्या सोनईतही साखर कारखाना आहे. पावात साखरेऐवजी थोडा गूळ घातला तरी यीस्टला तो चालतो; पावाला रंगही छान येतो.

प्रमाण व कृती

बारा पावांसाठी मैदा ४०० ग्रॅम, डांगराचा गर २०० ग्रॅम, कोमट दूध ६० ते ८० मिलिलिटर, किसलेला गूळ ४० ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम, मीठ सव्वा चमचा आणि इन्स्टंट यीस्ट दीड चमचा घ्यावे. डांगराऐवजी उकडलेला बटाटा घेतल्यास दूध १०० ते १२० मिलिलिटर लागते. बटाटा हाताने कुस्करावा. मिक्सरमध्ये तो डिंकासारखा चिकट होतो.

डांगर पाण्यात न उकडता वाफवावे, गर गाळून पूर्ण गार करावा. गरम गर यीस्टला मारतो. साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला यीस्ट टिकत नाही. दूध एकदम न ओतता चमच्याचमच्याने घालावे. दहा-बारा मिनिटे मळल्यावर पीठ तुकतुकीत होते, तेव्हा लोणी घालून पुन्हा मळावे. पीठ हाताला किंचित चिकटले तरी मैदा वाढवू नये. हाताला तेल लावावे.

पीठ ओल्या फडक्याने झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवावे. उन्हाळ्यात तासाभरात ते फुगते. हिवाळ्यात दोन तासही लागतात. झाकण महत्त्वाचे, कारण वाऱ्याने पिठावर साल धरते आणि पाव नीट फुगत नाही. शिंगणापुरात घरांना दारे न लावण्याची परंपरा आहे. पिठाला मात्र आडोसा हवाच!

नंतर बारा गोळे करून ते थाळीत लादीपावाप्रमाणे जवळजवळ लावावेत. बाजू एकमेकींना टेकल्या की त्यांवर कवच येत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने वरून दूध लावून १८० अंशांवर २० ते २५ मिनिटे भाजावेत. बाहेर काढताच लोणी फिरवून कोरड्या फडक्यात गुंडाळावेत.

मऊपणाची किंमत

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने मे २०१६ मध्ये तेथील ब्रेड, पाव व तत्सम पदार्थांचे ३८ नमुने तपासले. त्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट आढळले. पाव चांगला फुगावा, पांढराशुभ्र व मऊ व्हावा यासाठी ही द्रव्ये पिठात घातली जात. यातील ब्रोमेट कर्करोगास कारणीभूत ठरू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे. त्याच वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशात ब्रोमेटवर बंदी घातली. घरच्या पावात मऊपणा कशामुळे आला, हे मात्र कोणाला विचारावे लागत नाही.

अर्थात, या पावाचीही एक मर्यादा आहे. ओलावा टिकतो तसा बुरशीलाही तो मानवतो, आणि घरच्या पावात बुरशी रोखणारे द्रव्य नसते. म्हणून हे पाव दोन दिवसांत संपवावेत. पहिल्या दिवशी मिसळीबरोबर, दुसऱ्या दिवशी तव्यावर लोणी लावून. तिसऱ्या दिवसापर्यंत ते सहसा उरतही नाहीत.