गोबऱ्याचा संकेत आणि वाम

साहित्यशास्त्र शिकवताना 'संकेत' हा शब्द मला वारंवार वापरावा लागतो. शब्द आणि अर्थ यांना बांधणारा करार म्हणजे संकेत. प्रेमिकांनी ठरवलेली भेट म्हणजेही संकेतच. हा सगळा व्यवहार माणसांपुरता, असे आपण गृहीत धरतो. तांबड्या समुद्रातील एका माशाचे वर्तन मात्र या गृहीताला धक्का देते.

हा मासा आपल्याकडे गोबरा किंवा हेकरू म्हणतात त्यांच्या कुळातला. तो दिवसा शिकार करतो आणि मोकळ्या पाण्यात झडप घालतो. भक्ष्य प्रवाळाच्या फटीत शिरले की त्याचे काही चालत नाही. ते काम जमते 'मोरे'ला, म्हणजे आपल्या वामीच्या दूरच्या नातलगाला. ही वाम तीन मीटरपर्यंत वाढते, एरवी बहुधा रात्री शिकार करते. तिच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. ती पुढे येऊन भक्ष्य पकडते आणि आत ओढते, हे रीटा मेहता व पीटर वेनराइट यांनी 2007 मध्ये दाखवले.

इजिप्तमधील रास मोहम्मद येथे रेदुआन बशारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोघांचा अभ्यास केला. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. गोबरा विसावलेल्या वामीच्या बिळाशी जातो, तिच्या तोंडासमोर येतो आणि भराभर डोके हलवतो. पुष्कळदा ती बाहेर येते आणि दोघे बरोबर निघतात. आता फटीतल्या माशाची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी होते: आत राहावे तर वाम, बाहेर यावे तर गोबरा. वाटणीचा प्रश्न उद्भवत नाही. ज्याच्या तोंडी लागेल त्याने सबंध गिळायचे! तरीही एकट्याने फिरण्यापेक्षा दोघांनाही ही सोबत फायद्याची ठरते. पोट भरलेला गोबरा मात्र वामीला बोलवायला फारसा जात नाही.

भाषेच्या विद्यार्थ्याला खरे कुतूहल वाटावे ते दुसऱ्या खुणेचे. भक्ष्य फटीत लपले की गोबरा त्या जागेवर डोके खाली करून उभा राहतो आणि ते हलवतो. वाम ती जागा तपासायला येते. अलेक्झांडर वेल, आंद्रेआ मनिका आणि बशारी यांनी 2013 मध्ये याला निर्देशक हावभाव म्हटले. त्यांची कारणे मला पटतात: खूण विशिष्ट जागेकडे रोखलेली असते, तिने भक्ष्य स्वतःहून बाहेर पडत नाही, ती जोडीदारासाठी असते आणि जोडीदार तिला प्रतिसाद देतो. आपण बोट दाखवतो तेव्हा यापेक्षा वेगळे काय करतो?

म्हणून याला भाषा म्हणावे का? माझ्या मते नाही. काल निसटलेल्या माशाविषयी गोबऱ्याला काही सांगता येत नाही. त्याची खूण समोरच्या फटीशीच जखडलेली असते. पण ती आंधळी सवयही नव्हे. याच त्रयीने 2014 मध्ये गोबऱ्याच्या एका जवळच्या जातीपुढे वामीच्या दोन प्रतिकृती ठेवल्या. एक शिकार हुसकून देई, दुसरी उलट दिशेला निघून जाई. दुसऱ्या दिवसापर्यंत ते मासे कामाच्या वामीलाच अधिक वेळा निवडू लागले.