लिनक्सचे सॉफ्टवेअर बीएसडीवर का अडते?

कोल्हापूर : शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत वर्षानुवर्षे निघणारे कास्टिंग तोच पॅटर्न नेऊन दुसऱ्या गावच्या फाउंड्रीत ओतले, तर पहिली खेप बिघडू शकते. तिथली वाळू वेगळी, भट्टी वेगळी आणि जुन्या कारागिरांच्या हातातल्या कित्येक गोष्टी कागदावर आलेल्याच नसतात. लिनक्ससाठी बनवलेली ‘बिल्ड सिस्टीम’ बीएसडीवर नेताना नेमके हेच घडते.

बिल्ड सिस्टीम म्हणजे काय?
सोर्स कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करणारी यंत्रणा. कोणती फाइल आधी कंपाइल करायची, कोणती लायब्ररी जोडायची, तयार माल कुठे ठेवायचा, हे ती ठरवते.

बीएसडी कोण वापरते?
बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सचे हे घराणे. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी १९९३ मध्ये, तर ओपनबीएसडी १९९५ मध्ये सुरू झाली. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात.

अडते कुठे?
• अनेक स्क्रिप्ट ‘बॅश’ ठरावीक फोल्डरमध्ये असेल असे धरून चालतात. फ्रीबीएसडीत ते वेगळे बसवावे लागते आणि दुसऱ्याच फोल्डरमध्ये जाते.
• ‘मेक’ हे नाव दोन्हीकडे आहे, पण लिनक्सवर सहसा ‘ग्नू मेक’ असते. त्याच्यासाठी लिहिलेली फाइल बीएसडीच्या ‘मेक’ला अनेकदा कळत नाही.
• बिल्ड बाकी संगणकापासून अलग ठेवायला लिनक्सवर ‘नेमस्पेस’ असतात. फ्रीबीएसडीत त्या नाहीत. तिथे २००० पासून ‘जेल’ ही वेगळी सोय आहे.

मग करतात काय?
आधी लिनक्सवरच बीएसडीसाठीचा कंपायलर आणि मूळ साधने तयार करतात. याला क्रॉस-कंपाइल म्हणतात. नंतर एकेक पॅकेज बांधून पाहायचे आणि अडेल तिथे दुरुस्ती करायची. ‘निक्स’ या बिल्ड सिस्टीमच्या पॅकेज संग्रहात बीएसडीसाठी असेच काम झाले आहे.

एवढा खटाटोप कशाला?
२९ मार्च २०२४ रोजी ‘एक्सझेड’ या सॉफ्टवेअरमध्ये छुपा दरवाजा असल्याचे उघड झाले. तो आत आणणारी करामत बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच दडवली होती. ती आधी संगणक ६४-बिट लिनक्सचा आहे का, हे तपासत असे. बीएसडी तिच्या निशाण्यावर नव्हत्या. सगळ्यांनी एकच प्रणाली वापरली, तर एकाच घावात सगळे सापडतात. पण दुसरा पर्याय टिकायचा, तर त्यावर रोजचे सॉफ्टवेअर बांधता आले पाहिजे.

विद्यार्थ्यांना संधी काय?
फ्रीबीएसडी मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालते. न बांधले जाणारे एक पॅकेज निवडायचे, एररचे कारण शोधायचे आणि दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवायची. हे काम पुणे-बंगळूरला न जाता कोल्हापुरात बसूनही करता येते.