कोणत्या शहरात किती मुक्काम?

सोडतीत नाव लागल्याचे कळले की घरात पेढे येतात आणि त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा पसरला जातो. मुलगी बोटे मोजत म्हणते, "सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, केर्न्स, डार्विन, पर्थ, ॲडलेड, होबार्ट. आठ शहरे, बारा महिने. म्हणजे प्रत्येकी दीड महिना." बाबा मान डोलावतात. हिशेब सरळ आहे. आई ताटे उचलता उचलता एवढेच विचारते, "आणि दर दीड महिन्याला तुला नवी नोकरी कोण देणार आहे?"

भागाकार बरोबर असला तरी आईचा प्रश्न अधिक बरोबर आहे.

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात २०२२ मध्ये झालेल्या व्यापार करारातून 'वर्क अँड हॉलिडे' हा व्हिसा भारतीय तरुणांसाठी २०२४ साली खुला झाला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, आणि इच्छुक फार म्हणून सोडत. शालेय शिक्षणानंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरते इंग्रजी, परतीच्या तिकिटाचे पैसे आणि त्याशिवाय सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर जवळ असावे लागतात. फिरायचे, आणि फिरण्याचा खर्च भागवण्यासाठी मधून मधून काम करायचे, अशी ही कल्पना आहे. पुष्कळ घरांत हे ५,००० डॉलर आईवडिलांच्या मुदत ठेवीतून बाहेर पडतात. म्हणूनच कोठे किती दिवस राहायचे हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

पहिला पगार हाती येईपर्यंत

नव्या शहरात उतरल्यावर काय होते ते पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, शहरागणिक आणि महिन्यागणिक ते बदलतील. पण हिशेबाची रीत हीच राहील.

समजा, पहिला आठवडा वसतिगृहवजा हॉस्टेलमध्ये काढला. रात्रीचे ५० डॉलर, म्हणजे ३५० डॉलर. मग चारजणींच्या घरात एक खोली मिळाली, आठवड्याला ३०० डॉलर भाड्याने. तेथे भाडे आठवड्याचे सांगतात, महिन्याचे नव्हे. नव्या माणसाची पहिली फसगत येथेच होते. खोली घेताना चार आठवड्यांचे भाडे अनामत, म्हणजे १,२०० डॉलर अडकले. नोकरी मिळून काम सुरू व्हायला आणखी दोन आठवडे गेले, त्यांचे भाडे ६००. खाणेपिणे आणि बस-ट्रामचा प्रवास आठवड्याला १८० धरला तर तीन आठवड्यांचे ५४०. अनामत बाजूला ठेवली तरी सुमारे १,४९० डॉलर कमाईविना गेले.

आता कमाई. जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलियातील किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर ठरले. तात्पुरत्या, सुट्टीचे हक्क नसलेल्या कामाला त्यावर २५ टक्के वाढ मिळते, म्हणजे ताशी सुमारे ३१ डॉलर. कॅफेत आठवड्याला २५ तास काम मिळाले तर ७७५ डॉलर होतात. कर कापून ६६० हाती आले असे समजू. भाडे आणि खाणे-प्रवास वजा केल्यावर उरतात १८०.

म्हणजे १,४९० डॉलरचा खड्डा भरून निघायला आठ आठवड्यांहून अधिक काळ लागतो. आधीचे तीन आठवडे मिळवले तर जवळजवळ तीन महिने झाले. दीड महिन्याने सामान बांधणारी मुलगी प्रत्येक शहरातून तोट्यातच निघते, आणि तिसऱ्या-चौथ्या शहरात घरी फोन येतो, "बाबा, थोडे पैसे पाठवाल का?"

कमावण्याची शहरे, पाहण्याची शहरे

यातून आठ शहरे रद्द करावीत असे मुळीच नाही. मात्र सर्वांना सारखे माप लावू नये. वर्षभरात कामाची शहरे दोन, फार तर तीन ठेवावीत आणि तेथे तीन ते पाच महिने राहावे. उरलेली शहरे निव्वळ पाहण्याची. त्यांना चार दिवस ते दोन आठवडे पुष्कळ होतात, आणि तेथे नोकरी शोधण्याच्या भानगडीत पडू नये. होबार्टमध्ये पाच दिवस पाहुण्यासारखे राहणे हे दीड महिना बेकार राहण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

शिवाय कामाच्या शहराचा आसपास साप्ताहिक सुट्टीत पाहून होतो. सिडनीहून ब्लू माउंटन्समधील कटूम्बा रेल्वेने दोन तासांवर आहे. मेलबर्नहून ग्रेट ओशन रोड दोन दिवसांत निवांत होतो. पर्थची गोष्ट वेगळी. सिडनीहून विमानाने तेथे जायलाच सुमारे पाच तास लागतात. तेव्हा पर्थ एक तर कामासाठी निवडावे किंवा ठरवून एकदाच जावे.

कोणते शहर केव्हा, हे ऋतूंवर सोडावे. तेथे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा असतो. नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास सिडनीत राहण्याचे दर कडाडतात. नवख्याने तेव्हाच तेथे खोली शोधायला जाऊ नये. मेलबर्नमध्ये नोव्हेंबरच्या घोड्यांच्या शर्यतींपासून जानेवारीतील टेनिस स्पर्धेपर्यंत हॉटेलांना माणसे लागतात. टास्मानियात उन्हाळ्यात चेरी आणि पुढे सफरचंदांची तोडणी असते. डार्विनमध्ये मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम आणि पर्यटकांची गर्दी असते. नोव्हेंबरपासून पाऊस आणि घाम. सप्टेंबरात पोहोचणाऱ्याने जानेवारीअखेरपर्यंत मेलबर्न, मग दक्षिणेत भटकंती किंवा फळबागांचे काम, मेपासून केर्न्स किंवा डार्विन, आणि शेवटी दोन आठवडे सिडनी असा आराखडा केला तर हंगाम आणि काम दोन्ही हातात हात घालून चालतात.

नियम आडवे येतात तेथे

एकाच मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांहून अधिक काम करता येत नाही. काही कामांना आणि ठिकाणांना सवलत आहे, तरी मुक्काम आखताना सहा महिने हीच मर्यादा धरावी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि अनेकांना ती उशिरा कळते. आणखी एक वर्ष राहायचे असेल तर पहिल्या वर्षात ठरावीक प्रकारचे काम ठरावीक भागांत तीन महिने केलेले असावे लागते. सिडनीतील कॅफेत कॉफी बनवणे त्यात धरले जात नाही. उत्तरेकडच्या केर्न्स किंवा डार्विनमध्ये तेच काम धरले जाते. दहाव्या महिन्यात हे समजून काय उपयोग? उत्तरेचा मुक्काम म्हणूनच तीन महिन्यांहून थोडा अधिक ठेवावा. पगाराच्या पावत्याही जपून ठेवाव्यात.

राज्य बदलले की लहानसहान कागदही बदलतात. मद्य वाढण्याच्या कामासाठी लागणारे प्रमाणपत्र प्रत्येक राज्याचे आपापले असते आणि दुसऱ्या राज्यात त्याची पुन्हा पूर्तता करावी लागू शकते. म्हणजे पुन्हा थोडा खर्च, पुन्हा काही दिवस.

मावशीचे घर

मेलबर्न आणि सिडनीत मराठी कुटुंबे बरीच आहेत. महाराष्ट्र मंडळे आहेत, गणपती बसतात. कोणाची तरी मावशी, कोणाचा तरी चुलतभाऊ तेथे निघतोच. पहिले दहा-बारा दिवस त्यांच्याकडे राहिले तर वरच्या हिशेबातले हॉस्टेलचे ३५० डॉलर सरळ वाचतात. पण फुकटची खोली मुक्काम लांबवते. मावशीचे घर बहुधा दूरच्या उपनगरात असते, कॅफेचे काम पहाटे सुरू होते, आणि त्या वेळी बस नसते. मग मावशीचे यजमान उठून गाडी काढतात. पहिल्या आठवड्यात हे गोड वाटते, चौथ्या आठवड्यात दोन्हीकडे अवघड होते. जाण्यापूर्वीच "मावशी, पंधरा दिवस राहीन, मग खोली पाहीन" असे स्पष्ट सांगून टाकावे.

इकडच्या माणसांनीही एक ध्यानात घ्यावे. देशात पहिले पाऊल टाकले की बारा महिन्यांचे घड्याळ सुरू होते आणि मुलगी मध्ये भारतात आली तरी ते थांबत नाही. डिसेंबरात आत्तेबहिणीचे लग्न म्हणून तीन आठवडे बोलावले तर ते तीन आठवडे तिच्या वर्षातून गेले, विमानाचे भाडे वेगळेच, आणि ऐन हंगामातली नोकरीही बहुतेक जाईल.

खोली सोडण्याची सूचना किती आठवडे आधी द्यायची, हे अनामत भरतानाच विचारून लिहून घ्यावे. शेवटच्या शहरात तर याला फार महत्त्व आहे. अनामत परत यायला वेळ लागतो आणि विमान थांबत नाही. मालकाने पगाराव्यतिरिक्त निवृत्ती निधीत भरलेली रक्कम देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर मागता येते, तिच्यातून ६५ टक्के कर कापला जातो. उरलेली रक्कम मिळवण्यासाठी कर क्रमांक, निधी खात्याचे तपशील आणि चालू बँक खाते लागते. सिडनीतील त्या शेवटच्या दोन आठवड्यांतला एक दिवस या कागदांसाठी राखून ठेवावा.