रानपिंगळा
रानपिंगळा : स्ट्रिजिडी कुलातील अतिदुर्मिळ घुबड. शास्त्रीय नाव अथेनी ब्लेविटाय. मेळघाट, सातपुडा इ. भागांतील सागाच्या विरळ पानझडी वनांत हा आढळतो. गावाजवळच्या नेहमीच्या पिंगळ्याशी याची गल्लत होते. परंतु पिंगळ्याचा माथा व पाठ ठिपक्यांनी भरलेली असते, तर रानपिंगळ्याचा माथा करडा-तपकिरी व जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो. छाती गर्द तपकिरी, पोटाचा मध्यभाग निर्मळ पांढरा, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि पायांवर दाट पांढरी पिसे असतात. तो दिवसा उघड्या फांदीवर बसत असल्याने ही लक्षणे पडताळता येतात. अंधारातील ओझरत्या दर्शनावर विसंबू नये. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही. १९१४ चा म्हणून नोंदलेला नमुना बनावट नोंदीचा ठरला. १९९७ मध्ये शहाद्याजवळ अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांना तो पुन्हा दिसला.