कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? प्रसूतिकक्ष, पूर्वग्रह आणि अमेरिकेतले कायदे

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीतून ज्ञान होतं का, आणि होत असेल तर कोणाच्या सांगण्यावर भरवसा ठेवायचा, हा तो प्रश्न. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिताना वात्स्यायनाने तिथे फार मोकळा विचार मांडला आहे. ज्याला एखादी गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो आप्त. आणि ही कसोटी ऋषीला, आर्याला, म्लेच्छाला सारखीच. बोलणाऱ्याचं कूळ विचारायचं कारण नाही.

व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, हे सगळं ठीक, पण आज याचा उपयोग कुठे?" त्यांना तेव्हा घाईत काहीतरी उत्तर दिलं, ते आमचं आम्हालाच पटलं नाही. आज नीट प्रयत्न करू. त्यासाठी आपल्याला अमेरिकेतल्या प्रसूतिकक्षात जावं लागेल, कारण या प्रश्नावर तिथे चक्क कायदे झाले आहेत.

सेरेना विल्यम्स तुम्हाला ठाऊक आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सिझेरियन होऊन तिला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तिला श्वास लागायला लागला. पूर्वी तिच्या फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झालेल्या होत्या, त्यामुळे हे काय असू शकतं हे तिला नेमकं माहीत होतं. सीटी स्कॅन करा आणि रक्त पातळ करणारं हेपरिन सुरू करा, असं तिने नर्सला सांगितलं. नर्सला वाटलं, वेदनाशामक औषधाच्या गुंगीत ही बाई काहीतरी बोलते आहे. मग डॉक्टरांनी आधी पायांची सोनोग्राफी केली, त्यात काही निघालं नाही. शेवटी सीटी स्कॅन झाला आणि गुठळ्या दिसल्या. ती वाचली. ही हकिगत तिने पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितली.

आता वात्स्यायनाची कसोटी लावून पाहा. त्या खोलीत त्या शरीराबद्दल सर्वांत मोठी आप्त कोण होती? ती पलंगावर होती.

तिच्यापाशी पैसा होता, नाव होतं, आवाज होता. ज्यांच्यापाशी यातलं काही नाही त्यांचं काय होतं ते आकड्यांत दिसतं. २०२३ साली अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे १८.६ माता दगावल्या. गोऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण १४.५, कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ५०.३. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, एकूण प्रमाण ३२.९ पर्यंत चढलं होतं, तिथून ते खाली आलं. पण दोघींमधली दरी मिटली नाही. कोणी म्हणेल, हा गरिबीचा आणि शिक्षणाचा प्रश्न असेल. काही अंशी आहेच. पण पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण हे शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आढळलं आहे. तेव्हा तेवढ्या उत्तराने भागत नाही.

मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली एका पुस्तकात या प्रकाराला नाव दिलं. आपण त्याला 'साक्षीचा अन्याय' म्हणू. ऐकणाऱ्याच्या मनातल्या पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याच्या शब्दाची किंमत आधीच कमी धरली जाते. न्यायालयात हे घडलं तर माणूस तुरुंगात जातो, बाळंतिणीच्या खोलीत घडलं तर रक्तस्राव चालू राहतो.

हा पूर्वग्रह हवेतून आलेला नाही. अलाबामात १८४० च्या दशकात जे. मॅरियन सिम्स नावाच्या शल्यविशारदाने गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. त्यातल्या तिघींचीच नावं उरली आहेत : अनार्का, बेट्सी, लूसी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा हलला तो २०१८ मध्ये! आणि २०१६ साली व्हर्जिनियात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि निवासी डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते यांसारख्या खोट्या समजुतींपैकी निदान एक तरी जवळजवळ निम्म्या जणांना खरी वाटत होती.

तर कायदा काय करतो? कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये सिनेटर होली मिचेल यांनी मांडलेला, गरोदरपणात आणि बाळंतपणात सन्मान राखण्याविषयीचा कायदा केला. प्रसूतिसेवेतल्या कर्मचाऱ्यांना अव्यक्त पूर्वग्रहाबद्दलचं प्रशिक्षण द्यायचं आणि दर दोन वर्षांनी त्याची उजळणी करायची. अव्यक्त म्हणजे, ज्याच्या मनात आहे त्यालाही न दिसणारा. हेतू चांगला होता. पण न चुकता व्हायचं तेच झालं. २०२१ मध्ये राज्याच्या न्याय विभागाने विचारणा केली तेव्हा बहुतेक संस्थांनी प्रशिक्षणाला हातही लावला नव्हता. पत्र आल्यावर धावपळ सुरू झाली. मग २०२४ मध्ये कायद्याला दात बसवले गेले : पहिल्या उल्लंघनाला ५,००० डॉलर दंड, पुढच्या प्रत्येकाला १५,०००.

इथे आमच्यातला जुना मास्तर अडतो. हजेरी सक्तीची करता येते, विश्वास सक्तीचा कसा करणार? आम्ही आयुष्यभर सक्तीच्या वर्गांत शिकवलं आहे, हजेरी शंभर टक्के असायची. शिवाय पूर्वग्रह नेहमी डोक्यातच बसलेला असतो असंही नाही. एकदा सिझेरियन झालेल्या बाईचं पुढचं बाळंतपण नैसर्गिक रीतीने होण्याची शक्यता किती, हे सांगणारं एक गणनसूत्र २००७ पासून तिथे वापरात होतं. वय, वजन, आधीची बाळंतपणं भरायची, आणि वंशही. बाई कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक असली की शक्यता आपोआप कमी दाखवली जायची. डॉक्टर कितीही निर्मळ मनाचा असो, संगणक त्याला सांगणार की हिला पुन्हा सिझेरियनकडे न्या. २०२१ मध्ये ते सूत्र वंश वगळून नव्याने बांधलं गेलं. प्रशिक्षणाच्या वर्गात बसून ही चूक कोणाला सापडली असती असं वाटत नाही.

याउलट रक्तस्रावाचं उदाहरण घ्या. ते आम्हाला सर्वांत बोलकं वाटतं. बाळंतपणात रक्त किती गेलं हे पूर्वी नजरेने ठरवायचे आणि नजर हमखास कमी सांगते. कॅलिफोर्नियात २००६ पासून रुग्णालयांच्या एका सहयोगी संस्थेने या कामाला शिस्त लावली. भिजलेली पॅड आणि कापडं काट्यावर ठेवायची, कोरडी असतानाचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त. अमुक आकडा ओलांडला की कोणाला बोलवायचं हे आधीच ठरलेलं, लागणारी औषधं आणि साधनं एका ट्रॉलीवर मांडून ठेवलेली. राज्यातले मातामृत्यू २००६ ते २०१३ या काळात निम्म्याहून खाली आले.

काट्याला बाईची साक्ष लागत नाही, तिचा रंगही दिसत नाही. मग प्रश्न सुटला म्हणायचा? नाही हो. एकूण मृत्यू निम्म्यावर येऊनही कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण गोऱ्यांच्या कैक पटच राहिलं. पुढे रक्तस्रावाची शिस्त जिथे काटेकोर पाळली गेली, तिथे गंभीर गुंतागुंतीतली दरी अरुंद झाल्याचंही दिसलं, हे सांगायला हवं. पण काटा आणण्याआधी कोणीतरी "मला बरं वाटत नाहीये" हे ऐकावं लागतं. फुप्फुसातली गुठळी काट्यावर येत नाही. म्हणजे प्रशिक्षणाला आम्ही नावं ठेवली खरी, तरी ते ज्या प्रश्नाला हात घालतं तो काही टळत नाही.

ऐकणारा कोणी समोर असावा, एवढी सोय मात्र कायदा करू शकतो. तिकडच्या मृत्यूंच्या २०१७ ते २०१९ च्या तपासणीत निम्म्याहून जास्त मृत्यू बाळंतपणानंतरच्या सातव्या दिवसापासून वर्षभराच्या आत झालेले आढळले, आणि पाचांतले चार टाळता येण्याजोगे होते. गरिबांसाठीच्या मेडिकेड विम्यात मात्र बाळंतपणाच्या आधारावर मिळणारं संरक्षण साठ दिवसांत संपायचं. एकसष्टाव्या दिवशी छातीत दुखायला लागलं तर ती सांगणार कोणाला? २०२१ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना ही मुदत बारा महिने करण्याची मुभा दिली आणि बहुतेक राज्यांनी ती घेतली. आम्हाला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातला हा सर्वांत कामाचा बदल. त्यात पूर्वग्रह हा शब्दसुद्धा नाही. काँग्रेस सदस्य लॉरेन अंडरवूड आणि सहकाऱ्यांनी २०२० पासून अनेक विधेयकांची एक मोठी मोळी मांडली आहे. तिच्यातलं माजी सैनिक मातांपुरतं एक विधेयक २०२१ मध्ये कायदा झालं.

आता शेवटचा मुद्दा, मेलेल्यांच्या साक्षीचा. २००७ नंतर जवळजवळ दहा वर्षं अमेरिकेने मातामृत्यूचा अधिकृत दर प्रसिद्धच केला नव्हता, कारण मृत्यूच्या दाखल्यावर गरोदरपणाची नोंद राज्याराज्यांत वेगवेगळी होती. २०१८ च्या डिसेंबरमध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने राज्यांच्या समीक्षा समित्यांना पैसा दिला. या समित्या एकेका मृत्यूची कागदपत्रं काढून वाचतात आणि तो टळला असता का ते ठरवतात. त्यातही एक अडचण आहे. केसपेपरवर डॉक्टर-नर्सनी लिहिलं तेवढंच असतं. बाईने तीनदा सांगितलं आणि कोणी टिपलं नाही, तर कागदाच्या लेखी ती गप्पच होती. म्हणून काही समित्या आता तिच्या घरी जातात, आईशी, नवऱ्याशी, बहिणीशी बोलतात आणि विचारतात, ती काय म्हणत होती.